चौक आणि चोपडी

ज्या पैशावर आपला हक्क आहे त्याचा हिशेब पाहण्याचा माणसास कंटाळा का यावा, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. घरातील गृहिणी भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करते. महिनाअखेर दुधाचे खाडे मोजून रतिबाची रक्कम कमी करून घेते. आणि याबद्दल तिला कोणी कृपण म्हणत नाही, उलट संसारदक्ष म्हणते. त्याच घरातून दरसाल घरपट्टी भरली जाते, आणि ती पुढे कोणत्या गटारात मुरली किंवा कोणत्या दिव्यात जळली याची चौकशी त्या घरातील पदवीधर मंडळीही करीत नाहीत. यावर नेहमीचे उत्तर असे की, लोक आळशी आहेत, किंवा लोकांस अंदाजपत्रकातले काही कळत नाही. हे उत्तर आम्हांस पटत नाही. दुधाचे खाडे लक्षात ठेवणारी बाई आळशी नव्हे, आणि तिला वजाबाकी येत नाही असेही नव्हे. भेद एवढाच की, दुधाचा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तिने आपल्या हाताने फुल्या मारून मांडलेला असतो. गावाचा हिशेब मात्र दुसऱ्या कोणी, दुसऱ्याच भाषेत, दुसऱ्याच्या चोपडीत मांडलेला असतो.

सार्वजनिक पैशाच्या विनियोगात नागरिकांचे मन रमावे म्हणून कलेची मदत घ्यावी, भिंती रंगवाव्यात, पथनाट्ये करावीत, चौकाचौकांतून गावाच्या जमाखर्चाची चित्रे मांडावीत, असा उपाय अलीकडे पुष्कळ ठिकाणी सुचविला जातो. पालघर जिल्ह्याच्या बाबतीत तर तो सुचण्यास फारशी कल्पकताही लागत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा वारली चित्रकलेचे माहेरघर आहे, आणि तारपा वाजविणाऱ्याभोवती फेर धरून नाचणारी ती त्रिकोणी माणसे सरकारी कुंपणांवर व शाळांच्या भिंतींवर जागोजाग दिसतात. ती दिसावयास सुरेख दिसतात, यात शंका नाही. परंतु त्याच भिंतीच्या पलीकडे फलकावर टाचणीने लावलेला अंदाजपत्रकाचा कागद वाऱ्याने फडफडत असतो, आणि त्या नाचणाऱ्या माणसांचे त्या कागदाशी काय नाते आहे हे भिंत सांगत नाही. म्हणून आम्ही येथे असा प्रश्न घेतला आहे की, चित्राने हिशेबाच्या सेवेस लागणे योग्य आहे काय. आणि असल्यास, चित्र लोकांस केव्हा जागे करते व केव्हा नुसते रिझवून झोपविते?

याचा विचार करू लागताच त्या वारली चित्राच्या मूळ स्थितीकडे वळणे भाग पडते. आज कागदावर व कापडावर विकत मिळणारी ही कला मुळात विकण्याची वस्तू नव्हतीच. लग्नाच्या घरी, शेणाने सारवून गेरूने रंगविलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठात पाणी कालवून, बांबूची चिरलेली काडी त्यात बुडवून सवाशिणी जो चौक लिहितात, तो या कलेचा गाभा होय. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी असते; धवलेरी गाणी म्हणते; आणि चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. येथे चित्र हे लग्नाची शोभा नाही. लग्न ज्या कृत्यांनी सिद्ध होते त्यांपैकी ते एक कृत्य आहे. १९३० नंतरच्या काळात आपल्याकडे ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ असा जो वाद फडके व खांडेकर यांच्या नावांभोवती रंगला, त्यातील दोन्ही पक्षांस त्या कुडाच्या भिंतीसमोर उभे केले असते तर मोठी पंचाईत झाली असती. चौक कलेसाठी आहे असे म्हणावे तर लग्न झाले की त्याचे काम संपते. जीवनासाठी आहे असे म्हणावे तर त्यात उपदेशाचा एक शब्द नाही. ज्यांचे लग्न आहे त्यांच्यापैकीच कोणीतरी तो लिहावयाचा असतो, एवढीच त्याची अट.

आता याच लग्नाची दुसरी बाजू पाहावी. ज्या काळी हे चौक बिनबोभाट लिहिले जात होते त्याच काळी याच डहाणू, तलासरी, पालघर भागात लग्नगडी नावाची एक संस्था नांदत होती. आदिवासी तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून काही रुपये उचलावयाचे, आणि ते फिटेपर्यंत त्याने, व पुष्कळदा त्याच्या बायकोनेही, धन्याच्या घरी राबावयाचे. ते फिटत नसत. ब्रिटिश सरकारचे अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या अहवालात या वेठीची नोंद केली. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. आणि गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकामुळे हा इतिहास मराठी मध्यमवर्गाच्या घरात पोहोचला. त्या इतिहासातील क्रौर्याविषयी बोलले गेले आहे. आम्हांस येथे त्याच्या लेखनसाहित्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. एकाच लग्नाची दोन लेखने होत होती. एक भिंतीवर, पिठाने, बायकांच्या हातचे, साऱ्या पाड्यास वाचता येणारे. दुसरे चोपडीत, शाईने, सावकाराच्या हातचे, आणि ज्याचे आयुष्य त्यात गहाण पडले त्याला न वाचता येणारे. भिंतीवरच्या लेखनाने लग्न लागे, चोपडीतल्या लेखनाने ते विकले जाई. वारली माणसास लिहिता येत नव्हते असे म्हणणे म्हणूनच अर्धवट आहे. त्याच्या लिपीला चोपडीत जागा नव्हती, असे म्हणणे अधिक खरे.

हे ध्यानी घेतले म्हणजे चित्र भावनेला हात घालते व आकडे बुद्धीशी बोलतात, तेव्हा हिशेबात चित्र आणणे ही एक प्रकारची भुलवणी आहे, या आक्षेपाचे बळ बरेच कमी होते. चोपडी ही निर्विकार वस्तू आहे असे या आक्षेपात गृहीत धरलेले असते. वस्तुतः चोपडी हीदेखील एक मांडणीच आहे, आणि मांडणी म्हटली की काय वर यावे, काय खाली जावे आणि काय मुळीच दिसू नये हे ठरविणारा हात आलाच. ‘संकीर्ण’ या लेखाशीर्षाखाली किती गोष्टी सुखाने विश्रांती घेत असतात हे ज्यांनी कोणत्याही संस्थेचा वार्षिक अहवाल चाळला आहे त्यांस सांगावयास नको. तथापि या उत्तराने आक्षेप पुरा निकालात निघत नाही. मांडणी दोन्हीकडे आहे हे खरे. पण चित्र अधिक गोड असते, आणि गोड वस्तूने फसविणे सोपे असते, हेही तितकेच खरे.

या गोडीचा इतिहास जुना आहे. इटलीतील सिएना नगराच्या खजिन्याच्या कार्यालयात हिशेबाच्या वह्यांस लाकडी फळ्यांची वेष्टने असत, आणि त्या फळ्यांवर नामांकित चित्रकारांकडून चित्रे काढून घेत. त्यांपैकी उपलब्ध असलेली सर्वांत जुनी फळी १२५८ सालची आहे. पुढे १३३८-३९ मध्ये अंब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने तेथील नगरभवनात सुराज्य व दुराज्य यांची प्रचंड भित्तिचित्रे रंगविली. सुराज्यात बाजार भरला आहे, घरे बांधली जात आहेत, बायका फेर धरून नाचत आहेत. दुराज्यात शेते जळत आहेत. जगातील राजकीय चित्रांत या चित्रांची गणना फार वर होते, आणि ती योग्यच आहे. परंतु ही चित्रे ज्या दालनात आहेत ते दालन नऊ कारभाऱ्यांच्या बैठकीचे होते. बाजारातला गवंडी भिंतीवर होता, बैठकीत नव्हता. १३५५ साली या नऊ जणांचे राज्य लोकांनी उलथून टाकले, तेव्हा सुराज्याचे चित्र भिंतीवर तसेच शाबूत होते. आम्हांस वाटते, आपल्याकडील सरकारी भिंतींवरील तारपा-नृत्याची जात पुष्कळ अंशी हीच आहे. फक्त लोरेन्झेत्तीच्या चित्रात जी धमकी होती, की राज्य बिघडले तर असे होईल, तीही आपल्या भिंतींवरून गळून गेली आहे. आपल्याकडे दुराज्याची भिंत कोणी रंगवीत नाही. तिचे देयक मंजूर होणे कठीण.

याहून निराळा एक प्रयोग व्हिएन्ना शहरात झाला. पहिल्या महायुद्धानंतर तेथील नगरसभेने घरांवर खास कर बसवून कामकरी वर्गासाठी साठ हजारांच्या आसपास घरे बांधली. आणि तो पैसा कोठून आला व कोठे गेला हे त्याच वर्गास समजावे म्हणून १९२५ साली ऑटो नॉयराथ या तत्त्वज्ञाने समाज व अर्थव्यवहार यांचे एक संग्रहालयच उभारले. गेर्ड आर्न्ट्झ या चित्रकाराने त्यासाठी साध्या काळ्या आकृत्या काढल्या. त्यांचा एक नियम अत्यंत मोलाचा आहे. मोठी संख्या दाखविण्यासाठी आकृती मोठी करावयाची नाही; तीच आकृती अधिक वेळा काढावयाची. एका आकृतीची किंमत एकदा ठरली की ठरली. या नियमामुळे चित्रास खोटे बोलणे अवघड जाते, कारण बघणारा मोजू शकतो. १९३४ साली व्हिएन्नातील लोकपक्षाचे राज्य बुडाले, संग्रहालयाची वाताहत झाली व नॉयराथला देश सोडून जावे लागले.

आर्न्ट्झच्या त्या आकृत्या आणि वारली चित्रातील दोन त्रिकोणांची माणसे यांतील साम्य कोणाच्याही डोळ्यांत भरेल. दोन्हींत चेहरा नाही, नटवेपणा नाही, आणि एक आकृती पुन्हा पुन्हा येते. तेव्हा समजा, बोईसरच्या बाजारातील एखाद्या भिंतीवर भाताची एक लोंबी म्हणजे दहा हजार रुपये असे ठरवून गावाचे अंदाजपत्रक मांडले. उत्पन्न एक कोट धरले तर हजार लोंब्या होतील. त्यांतील किती पाण्याकडे गेल्या, किती रस्त्याकडे, किती कार्यालयाच्या खुर्च्यांकडे, हे शाळकरी पोरही बोट ठेवून मोजील. हे करण्यासारखे आहे असे आमचे मत आहे. पण एवढ्यावर थांबलो तर आपण व्हिएन्नाच्या पायरीपर्यंतच पोहोचतो. तेथे नागरिकास समजावून सांगितले जात होते; नागरिक स्वतः मांडीत नव्हता. शिकविणे आणि विचारणे यांत अंतर आहे, आणि आमच्या मते या सर्व प्रश्नाची नैतिक बाजू त्या अंतरातच आहे.

विचारण्याचे चित्र कसे असते हे पाहावयाचे तर परदेशी जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात २०१५-१६ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ग्रामपंचायतींनी आपापले आराखडे तयार करण्याचा उपक्रम सुरू झाला. चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट गावाकडे येऊ लागला होता. शिवाय पेसा या १९९६ च्या कायद्याखालील अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पालघर जिल्ह्याच्या बहुतेक भागात, आदिवासी विकासाच्या निधीतील पाच टक्के रक्कम ग्रामपंचायतींच्या हाती देण्याचे राज्य सरकारने २०१५ मध्ये ठरविले. हा पैसा कशावर घालावा हे ग्रामसभेने ठरवावे अशी योजना. त्यासाठी शिवारफेरी काढावी, महिलांची सभा आधी घ्यावी, आणि गावाचा नकाशा लोकांनी स्वतः जमिनीवर रांगोळीने काढावा, अशी रीत सांगितली गेली. ही रांगोळीच्या नकाशाची युक्ती ग्रामीण पाहणीच्या क्षेत्रात १९९० च्या सुमारास देशोदेशी रूढ झाली. ती रुजविणाऱ्या पंडितांनी तिला मोठाली नावे दिली आहेत, पण अंगणात रोज रांगोळी घालणाऱ्या बायांस तिचे फारसे नवल वाटण्याचे कारण नव्हते.

असा नकाशा काढताना काय होते हे पाहण्यासारखे असते. प्रथम कोणी पुढे होत नाही. मग एखादा जाणता माणूस रस्त्याची रेघ ओढतो, देऊळ मांडतो, शाळा मांडतो. रेघ चुकली की मागून कोणीतरी ओरडतो, कोणी पायाने ती पुसतो, वाद होतो, आणि वाद होतो म्हणूनच आतापर्यंत कडेला उभा असलेला माणूस आत येतो. पुरुषांनी काढलेल्या नकाशात रस्ता ठळक येतो आणि बायकांनी काढलेल्यात पाण्याची जागा ठळक येते, हा या कामात वावरलेल्यांचा नेहमीचा अनुभव आहे. विहिरीपासून घरापर्यंतचे अंतर पुरुषाच्या नकाशात दोन बोटे आणि बाईच्या नकाशात हातभर असेल, तर त्यातील कोणता नकाशा खरा? भूमापन खात्याच्या दृष्टीने पहिला असेल. परंतु अंदाजपत्रक हे भूमीचे मापन नव्हे, गरजांचे मापन होय. आणि डोक्यावर हंडा असता जे अंतर वाटते तेच त्यातले खरे अंतर. असले सत्य आकड्यांच्या कोष्टकात शिरू शकत नाही. ते चित्रातच शिरू शकते, आणि तेही काढणारा हात तिचा असेल तरच.

हा नकाशा कलाकृती म्हणून सामान्यच असतो. सभा संपली की तो झाडून टाकतात. कोणी त्याचे छायाचित्र चौकटीत लावीत नाही. तरीही सरकारी भिंतीवरच्या रेखीव तारपा-नृत्यापेक्षा तोच अधिक सार्वजनिक आहे असे आम्ही म्हणतो. जे चित्र ज्यास दाखवावयाचे त्यास पुसता येत नाही ते सार्वजनिक जागेत असले तरी सार्वजनिक नव्हे. तैलरंगात काढलेली भिंत नागरिकास सांगते, ‘ठरले आहे, पाहून घे.’ रांगोळी सांगते, ‘अजून ठरले नाही, चूक असेल तर पुसून टाक.’ वारली चौकही पिठाचाच असतो. तो झिजतो, आणि पुढच्या लग्नास नव्याने लिहावा लागतो. अंदाजपत्रक दरसाल नवे करावे लागते, या गोष्टीशी तैलरंगापेक्षा पिठाचे नाते अधिक जवळचे आहे. बाजारातील लोंब्यांची जी भिंत आम्ही वर कल्पिली, तीही पिठाची असावी, आणि ग्रामसभेच्या आधी आठ दिवस तिच्याखाली काडी व पिठाचे भांडे ठेवलेले असावे, एवढी आमची दुरुस्ती आहे. काही टवाळखोर तिच्यावर वाटेल ते काढतील, हे उघड आहे. टवाळखोर सभेतही येतात. त्यांच्यासाठी सभा बंद करीत नाहीत.

पुसता येण्याचा हा हक्क खर्च होऊन गेल्यानंतरही उरला पाहिजे, आणि येथे राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेचे काम आठवते. १९९४ च्या डिसेंबरपासून या संघटनेने गावोगाव जनसुनावण्या भरविल्या. पंचायतीच्या कागदांत कोणाच्या नावावर किती मजुरी पडली आहे हे त्या माणसासमोर मोठ्याने वाचावयाचे, आणि त्याने उठून खरे-खोटे सांगावयाचे. गाणी व कठपुतळ्या या सुनावण्यांच्या बरोबरीने चालत. पुढे माहितीचा अधिकार मिळाला आणि रोजगार हमीचा खर्च पंचायतीच्या भिंतींवर रंगवून लावण्याची प्रथाही पडली. आपल्याकडे गाडगे महाराज कीर्तनात श्रोत्यांस प्रश्न विचारीत व उत्तर आल्यावाचून पुढे सरकत नसत, हे जुन्या पिढीने पाहिले आहे. कला कोणतीही असो, तिच्यात उत्तरास जागा ठेवलेली आहे की नाही यावरून ती लोकांची की लोकांसाठीची हे ओळखता येते.

आता एक अडचण मांडली पाहिजे, आणि ती लहान नाही. चित्रात जे येऊ शकते तेच लोक मागतात. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ च्या सुमारास नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी सूचना मागविण्यास आरंभ केला. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहराने १९८९ मध्ये जी वाट पाडली होती तिचे हे आपल्याकडील रूप म्हणावयाचे. पुण्यात चित्रे नव्हती, छापील अर्ज होते. आणि अर्जांत पदपथ, दिवे, बाके अशा गल्लीपुरत्या कामांची मागणी अधिक आली. त्यात नागरिकांचा दोष नाही, कारण गल्लीपुरतीच मर्यादा त्यांस घालून दिलेली होती. पण चित्राने ही मर्यादा आणखी आवळली जाण्याचा संभव आहे. कमान काढता येते. समाजमंदिर काढता येते. परिचारिकेचे रिकामे पद कसे काढावे? जमिनीखालची नळवाहिनी कशी काढावी? पुढाऱ्यांस कमानी फार प्रिय असतात याचेही कारण हेच की, त्या चित्रात व छायाचित्रात उत्तम दिसतात.

ही अडचण बोईसर-तारापूरइतकी अन्यत्र क्वचितच तीव्र असेल. २०११ च्या जनगणनेत ३६ हजारांवर वस्ती असलेले बोईसर कित्येक वर्षे ग्रामपंचायतीच्या कारभाराखालीच शहर बनत गेले. त्याच्या एका अंगास १९६९ पासून वीज निर्माण करणारे, देशातील पहिले अणुवीजकेंद्र. त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठविली गेली. दुसऱ्या अंगास औद्योगिक वसाहतीतील रसायनांचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातील औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूरचा क्रमांक पहिला लागला, आणि असा पहिला क्रमांक कोणत्याच गावास भूषणावह नसतो. त्या कारखान्यांचे सांडपाणी वाहिनीने नवापूरच्या समुद्राकडे जाते. त्याविरुद्ध मांगेला मच्छीमारांच्या संघटनेस राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागावी लागली. या सगळ्याच्या मध्ये बसून ग्रामसभेने ठरवावयाचे काय, तर दिवाबत्ती, गटाराची डागडुजी आणि अंगणवाडीची भिंत! अंगणवाडीच्या भिंतीवर मग एक सुंदर तारपा काढता येईल.

येथे आमच्या प्रतिपादनावर खरा घाव बसतो. लहान गोष्टी ठरविण्यासाठी लोकांच्या हाती काडी द्यावयाची आणि मोठ्या गोष्टी ठरताना त्यांस दारातही उभे करावयाचे नाही, अशी व्यवस्था असेल, तर ती काडी म्हणजे रडणाऱ्या मुलाच्या हाती दिलेला खुळखुळा नव्हे काय? ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्या कामाचा खर्च ७६ हजार कोटींच्या घरात सांगितला जातो, आणि किनाऱ्यावरील मच्छीमारांचा त्यास कित्येक वर्षांचा विरोध आहे. बंदर हितकर की अहितकर हा या लेखाचा विषय नाही. पण ज्या किनाऱ्यावर इतक्या मोठ्या रकमेचा निर्णय होतो तेथील माणसास पाच लाखांच्या गटाराविषयी मोठ्या सन्मानाने मत विचारावे, यातील विसंगती न दिसण्याइतका तो माणूस भोळा नाही. तो ग्रामसभेस येत नाही याचे एक कारण त्याचा आळस नसून त्याची जाण हेही असू शकेल.

या घावास आमच्यापाशी पुरे उत्तर नाही, अर्धे आहे. चोपडीचे अधिकारक्षेत्र असते, चित्राचे नसते. ग्रामपंचायतीच्या जमाखर्चात कारखान्यांच्या सांडपाण्याचे शीर्ष नाही, म्हणून जमाखर्च कितीही प्रामाणिकपणे लिहिला तरी ते पाणी त्यात येणार नाही. परंतु ज्याने जमिनीवर आपले गाव काढावयास घेतले तो ओढा काढणारच. आणि ओढा काढला की तो कोठून येतो व कोठे जातो हे काढल्यावाचून हात थांबत नाही. रांगोळीची ती रेघ गावाची शीव ओलांडून, वसाहतीच्या कुंपणातून नवापूरच्या खाजणापर्यंत जाते, आणि सभेत बसलेल्या ग्रामसेवकास सांगावे लागते की, हे आपल्या हातात नाही. ‘मग कोणाच्या हातात आहे?’ हा पुढचा प्रश्न. अंदाजपत्रकाच्या सभेतून हा प्रश्न उठणे हाच त्या चित्राचा सर्वांत मोठा लाभ आम्ही समजतो. ज्या अधिकाऱ्यास असे प्रश्न नको असतील तो रांगोळीचा कार्यक्रम आटोपता घेईल आणि रंगाऱ्यास बोलावून भिंत रंगवून घेईल. त्यावरून त्याची परीक्षाही होऊन जाते.

काडी कोणाच्या हाती, हा मुद्दा आणखी एका बाजूने पाहिला पाहिजे. वारली चौक हे बायकांचे काम होते. १९७० नंतर ही कला भिंतीवरून कागदावर आली, तिला बाजारात मोल आले, आणि डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे या थोर कलावंताने तिला जगभर नेले. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रतिभेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. पण मोल आल्याबरोबर बायकांच्या हातची काडी पुष्कळ प्रमाणात पुरुषांच्या हाती गेली, ही गोष्टही नोंदविण्यासारखी आहे. रांगोळीच्या नकाशाचे तसे होण्यास वेळ लागणार नाही. आज त्यास कोणी विचारीत नाही म्हणून बायका तो काढतात. उद्या त्यावरून खरोखर पैसा वाटला जाऊ लागला की सरपंचाचा पुतण्या रांगोळीचा डबा घेऊन पुढे बसेल. महिलांची सभा आधी व्हावी हा नियम कागदोपत्री न राहता तिचा नकाशा मुख्य सभेत पुन्हा मांडला जावा, तो पुसावयाचा असल्यास सर्वांसमक्ष कारण सांगून पुसावा, एवढी तरी खबरदारी हवी.

शेवटी एका वर्गाविषयी लिहावयाचे राहिले. तारापूरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले हजारो मजूर राबतात आणि बोईसर व आसपासच्या गावांतील चाळींत दाटीवाटीने राहतात. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतील माणसे, अशी कायद्याची व्याख्या आहे, आणि यांतील पुष्कळांची नावे अजून आपापल्या मूळ गावच्या यादीत आहेत. सभेत त्यांस जागा नाही, आकड्यांत त्यांचा धड हिशेब नाही. पाणी मात्र ते याच नळाचे पितात आणि धूर याच हवेतला घेतात. जमिनीवर गाव काढताना त्यांच्या चाळी काढाव्या लागतात, कारण त्या डोळ्यांसमोर उभ्या आहेत. त्या चाळींत किती माणसे राहतात, कोठे पाणी भरतात, रात्री कोणत्या अंधाऱ्या वाटेने पाळीवरून परततात हे गावकऱ्यांस नीटसे ठाऊक नसते. त्यांनाच विचारावे लागते. ते मत देऊ शकत नसतील. परंतु आपल्या चाळीभोवतालची रेघ त्यांनी स्वतः ओढावी याला कायद्याची कोणतीच आडकाठी आम्हांस दिसत नाही, आणि ग्रामसेवकाने त्यांच्याकडे रांगोळीचा डबा सरकविण्यास पुढच्या सभेपेक्षा अधिक थांबण्याचे कारणही दिसत नाही.